शिवडा आणि मरळ, दोन्ही माशांना चालेल अशी स्वस्तातली स्पिनिंग काडी आणि रील कोणती घ्यावी?

दुधनाकाठचा

रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचायलोय, आज पहिल्यांदा धागा काढायलोय.

मी सेलूकडचा. गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा, पण सगळा बांबूवर. काडी, तंगूस (नायलॉनचा दोरा), भेंडाचा तुकडा, गांडूळ, झालं सामान. चिलापी, मरळीची पिल्लं, कधी एखादी शिंगटी. गेल्या दिवाळीनंतर निम्न दुधना धरणाच्या बॅकवॉटरला दिवस मावळता मावळता भेंड असं खाली गेलं की वर आलंच नाही. काडी मधूनच काडकन मोडली. अर्धी माझ्या हातात, अर्धी पाण्यावरनं पळायलेली. शिवडाच असणार, दुसरं कुणी असं ओढत नाही.

सोयाबीनचे पैसे आलेत, त्यातले ४,००० बाजूला काढलेत. यात काडी, रील, दोरा, गळ सगळं बसवायचंय. ऑनलाइन एक कॉम्बो दिसायलाय: काडी, रील, दोरा, पिशवी आणि वर वीसेक प्लास्टिकचे मासे, सगळे मिळून १,८००. दुकानदार म्हणतो १२ फुटी टेलिस्कोपिक घ्या, लांब पडते. एका रीलवर १३ बेअरिंग लिहिलंय, दुसरीवर ३. म्हणजे १३ वाली भारी का? जाणकारांनी सांगावं.

कापूसकोंड्या

एकच प्रश्न. उरलेली अर्धी काडी सापडली का?

दुधनाकाठचा

सापडली ना. चौथ्या दिवशी बेशरमाच्या झुडपात अडकली होती. गळ पार सरळ, खिळ्यासारखा.

खटपट्या

गळ सरळ झाला हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. काडी नसती मोडली तरी मासा गेलाच असता.

मी संभाजीनगरला असतो, मित्रांच्या रील उघडून दुरुस्त करायचा छंद आहे. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या रील त्या कॉम्बोमधल्याच असतात. आतलं दातेरी चाक मऊ धातूचं, दोन किलोची शिंगटी लागली की दात झिजतात आणि हँडल कडकड वाजायला लागतं. ते प्लास्टिकचे मासे पोरांना खेळायला द्या. त्यांचे गळ शिवड्यापुढं सेफ्टीपिनसारखे उघडतात.

बेअरिंगचं असं आहे की ती मोजून चालत नाही. तीन चांगली बेअरिंग आणि एक धड ड्रॅग असलेली रील ही तेरा भुक्कड बेअरिंगवालीपेक्षा कधीही बरी. आकडा डबीवर मोठा दिसावा म्हणून हँडलच्या मुठीतसुद्धा बेअरिंग घालतात. मासा ओढताना त्यांचा काय उपयोग?

टेलिस्कोपिकबद्दल: बारा फुटाची काडी सात-आठ तुकड्यांत दुमडते. जेवढे सांधे तेवढ्या मोडायच्या जागा. शिवाय दोरा ओवायच्या रिंगा सांध्यांवरच बसवाव्या लागतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर काडीच्या वाकानुसार ठेवता येत नाही. मोटारसायकलवर न्यायला सोयीची, एवढंच. दोन तुकड्यांची सात ते आठ फुटी घ्या. पिशवीत घालून पाठीला तिरकी अडकवली की काम झालं.

गोदाकाठ

वरच्याला जोडून. मी नांदेडला विष्णुपुरीच्या खाली-वर बारा-तेरा वर्षं टाकतोय.

आधी हे मान्य करा की मरळ आणि शिवडा यांना दोन वेगळ्या काड्या लागतात. मरळ उथळ पाण्यात, जलपर्णीच्या कडेला, पाणकणसाच्या बुडाशी दबा धरून बसते. तिला रबरी बेडूक लागतो, दहा-पंधरा ग्रॅमचा, आणि दिवसभरात दोनशे वेळा फेकावा लागतो. काडी हलकी पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत खांदा जातो. शिवड्याचं उलट. तो अंधारात खोल डोहातनं कडेला येतो. त्याला शिसं लावून कोंबडीची आतडी किंवा मेलेला मासा तळाशी सोडायचा आणि वाट बघायची. तिथं काडी जड असली तरी चालते, ती जमिनीत रोवलेल्या दोन-शिंगी काठीवर असते.

एकाच काडीत दोन्ही बसवायचं तर मधला मार्ग असा: साडेसात फूट, मिडियम हेवी (मध्यमपेक्षा थोडी जड), काडीवर मुठीच्या वर १५-४० ग्रॅम असं छापलेलं. तो आकडा म्हणजे किती वजन फेकायला ती काडी बनवली आहे ते. किती किलोचा मासा निघेल ते नव्हे. दुकानदारालासुद्धा हे माहीत नसतं. मला एकानं "४० म्हणजे चाळीस किलोपर्यंत साहेब" असं सांगितलं होतं.

रील ४००० नंबरची. पण हा नंबर म्हणजे काही सरकारी माप नाही, एका कंपनीची ४००० दुसरीच्या ३००० एवढी असू शकते. स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीवर, किती मिलिमीटरचा दोरा किती मीटर बसतो ते कोरलेलं असतं, ते वाचून घ्या. शिमानो, दायवा यांच्या खालच्या किमतीच्या रील सुरवातीला पुष्कळ झाल्या.

पैशाची वाटणी मी अशी करीन: रील १,७००, काडी १,२००, दोरा ६००, उरलेल्या ५०० त गळ, शिसं, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि दोन बेडूक. बहुतेक लोक काडीवर सगळे पैसे घालतात आणि गळ दहा रुपयाला दहा वाले आणतात. मग धागा काढतात, मासा सुटला म्हणून.

कापूसकोंड्या

शेवटचं वाक्य धागाकर्त्याच्या जिव्हारी लागणार आहे.

परदेशी पाव्हणा

मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, सध्या मुक्काम जर्मनी. इथं मरळ नाही, पण तिची चुलतबहीण शोभेल असा पाईक आहे. नात्यानं दोघांचा काही संबंध नाही, शिकारीची रीत मात्र सारखीच. गवतात काडीसारखा स्थिर उभा राहतो आणि समोरून काही गेलं की बाण सुटावा तसा सुटतो. पाईकचा वरचा पंख पार शेपटीजवळ सरकलेला असतो, त्या एका झेपेसाठीच.

इथल्या पोरांचा प्रश्नही हाच असतो की पाईक आणि कॅटफिश (शिवड्यासारखा मिशावाला मासा) दोन्हीला एकच स्वस्त काडी कुठली. उत्तरही गोदाकाठ यांनी दिलं तेच. पाईकसाठी २.४० ते २.७० मीटर काडी, २० ते ६० ग्रॅम, ४००० ची रील. त्यावर लहान कॅटफिश निघतो. पण ऱ्हाईनमधला वेल्स कॅटफिश दोन मीटरच्या पुढं जातो, त्याला ती काडी म्हणजे दात कोरायची काडी. तुम्हाला तो प्रश्न नाही, तेव्हा मधला मार्ग तुम्हाला जास्त मानवेल.

पाईककडून उचलण्यासारखी गोष्ट एकच. दोऱ्याच्या टोकाला पोलादी तारेचा तुकडा. त्याचे दात ब्लेडसारखे, साधा दोरा एका झटक्यात कापतो, म्हणून इथं तारेशिवाय पाईकला गळ टाकणं वाईट समजतात. गळ तोंडात घेऊन गेलेला मासा पुढं उपाशी मरू शकतो.

अवांतर: इथं गळ टाकायच्या आधी परीक्षा द्यावी लागते. माशांची ओळख, कायदा, मासा कसा मारायचा, सगळं. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे. आमच्या तात्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एवढं शिकून तू तिथं जाऊन पुन्हा मासे धरायचीच परीक्षा दिलीस?"

भोईवाडा

तात्या बरोबर बोलले.

माझं माहेर गोदावरीकाठचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं. गळाचा नाद भावाला, हिशेब मला. दोन-तीन गोष्टी सांगते.

शिवड्याचे दात पाव्हण्यांच्या पाईकसारखे नसतात. ते बारीक, शेकड्यानं, आणि आतल्या बाजूला झुकलेले. जबड्यावर बोट फिरवलं तर किसणीवर फिरवल्यासारखं लागतं (मेलेल्या माशाच्या फिरवा, जिवंताच्या नको). तो दोरा कापत नाही, घासत बसतो. पाच मिनिटं झुंज चालली की दोरा पिंजलेल्या कापसासारखा होतो आणि काठाशी आल्यावर तुटतो. म्हणून तार नसली तरी चालेल, पण टोकाला दोन फूट जाड तंगूस लावा, ०.७० मिमीचा. प्रत्येक माशानंतर नखानं चाचपा, खरखरीत लागला की तेवढा कापून टाका.

दुसरं, ज्याला तुम्ही शिवडा म्हणता त्याला आमच्याकडं पहाडी म्हणतात, तेव्हा बाजारात विचारताना गोंधळू नका. पावसाचं पहिलं गढूळ पाणी आलं की तो अंड्यावर असतो आणि उलट्या धारेला चढतो. तेव्हा धरणं फार सोपं असतं, आणि नेमकं तेव्हाच धरू नये. पूर्वी बाजेएवढे यायचे असं आजोबा सांगायचे. आता हा मासा जगाच्या धोक्यातल्या यादीत गेलाय. मरळही पिलांवर असताना धरू नये. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला की ती चिडून लगेच घेते, त्यात काही मर्दुमकी नाही. आईबाप उचलले की दुसरे मासे त्या पिलांना संपवतात.

तिसरं. धरणातली मासेमारी मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) आम्ही पैसे घालून सोडतो. गळवाल्यांशी आमचं भांडण नाही, पण न विचारता येतात, जाळ्याच्या वरनं गळ फेकतात, मग गळ जाळ्यात अडकला की जाळं कापतात. एक जाळं दुरुस्त करायला बाई माणसाचे दोन दिवस जातात. आधी संस्थेत जाऊन विचारा.

दुधनाकाठचा

ताई, जाळं कधी कापलं नाही, पण विचारलंही नव्हतं कधी. खरं ते खरं. उद्याच जातो.

वाचनमात्र

पैठणला नाथसागरावर चालेल का कुणाला माहीत आहे? मलाही हेच सामान घ्यायचंय.

खटपट्या

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन खात्याचाही संबंध येतो. हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरलेली असतात. तुटलेला तंगूस त्यांच्या पायात अडकतो, म्हणून दोऱ्याचा एक तुकडाही काठावर टाकायचा नाही. परवानगी नसेल तर दुसरं पाणी बघा. येलदरी आहे, माजलगाव आहे, आणि तिथंही भोईवाडा ताईंचा तिसरा मुद्दा लागू.

आता मूळ प्रश्न. दुकानात जाताना खिशात कापूस न्या. थट्टा नाही. काडीच्या प्रत्येक रिंगच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला म्हणजे आतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा आहे, तो तुमचा दोरा करवतीसारखा कापणार. मी एका दुकानात चार काड्या तपासल्या, दोन नापास. दुकानदार म्हणाला, "तुम्ही काडी घेताय की स्थळ बघताय?"

रील हातात घेतल्यावर हँडल अगदी सावकाश फिरवा, कानाशी धरून. रवाळ आवाज नको. दोरा जिथून वळतो ती छोटी चकती बोटानं फिरते का बघा. ती अडकली असेल तर दोरा एकाच जागी घासून तिला खाच पाडतो. मग ड्रॅग थोडा आवळून दोरा हातानं ओढा. सुरवातीला धक्का न देता सुटला पाहिजे. धक्का देऊन सुटणारा ड्रॅग म्हणजे पहिल्याच ओढीत दोरा तुटणार. आकडा कितीही लिहिलेला असो, १० किलो ड्रॅग छापलेली रील मी ४ किलोला अडकताना पाहिली आहे.

कापूसकोंड्या

कापूस म्हटलं की मला बोलवायला पाहिजे होतं.

वाचनमात्र

ड्रॅग म्हणजे नक्की काय? नवखा आहे, हसू नका.

गोदाकाठ

हसत नाही. मी पहिल्यांदा रील काडीच्या वरच्या बाजूला लावली होती आणि हँडल उलटं फिरवत बसलो होतो. स्पिनिंग रील खाली लोंबते, हे सांगायलासुद्धा कुणी नव्हतं.

बैलाचा कासरा आठवा. बैल जोरात ओढायला लागला की तुम्ही कासरा थोडा सैल सोडता, पण सोडून देत नाही. ड्रॅग तेच करतो. स्पूलमध्ये फेल्टच्या चकत्या असतात, त्या आवळल्या की दोरा सुटायला जास्त जोर लागतो. दोरा तुटायच्या आधी ड्रॅगनं सुटलं पाहिजे.

किती आवळायचा? दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. समजा ३० पौंडाचा दोरा आहे, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. मग ड्रॅग साडेतीन किलोच्या आसपास. काडीच्या टोकाकडून दोऱ्याला ताणकाटा बांधा, एकानं काडी धरा, दुसऱ्यानं ओढा. साडेतीनला कर्र करून दोरा सुटला की ती जागा लक्षात ठेवा. बहुतेक जण ड्रॅग पाना लावल्यासारखा आवळतात आणि मग मासा किती मोठा होता ते हात पसरून दाखवतात.

दोऱ्याबद्दल: ब्रेड घ्या. खायचा नव्हे, विणलेला. तंगूस ताणतो. लांबवर बेडकावर मरळ आली आणि तुम्ही झटका दिला तर अर्धा झटका तंगुसातच जिरतो. ब्रेड ताणत नाही. पण तो गुळगुळीत स्पूलवर घसरतो, मासा ओढायला लागला की सगळं भेंडोळं गोल फिरतं आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. आधी दहा-पंधरा फेरे तंगुसाचे द्या, मग ब्रेड. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. आणि फेकल्यावर रीलवरची दोरा अडवणारी तार हातानं पाडा, हँडल फिरवून नको. दोऱ्याचे निम्मे गुंते तिथंच संपतात.

बेडकावर मरळ आली की पाण्याचा धप्प असा आवाज होतो आणि हात आपोआप उचलला जातो. नाही उचलायचा. मनात "एक, दोन" म्हणा, दोरा ताठ होऊ द्या, मग मारा. मला हे जमायला दोन उन्हाळे लागले.

परदेशी पाव्हणा

हे "एक, दोन" इथंही शिकवतात. आकडे जर्मन.

भोईवाडा

आणखी एक. कॅटफिश म्हणून कधी थाई मांगूर लागला तर तो परत पाण्यात सोडू नका आणि दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी कुणी कुणी शेततळ्यात पाळतात आणि पुरात तो नदीला येतो. दिसेल ते खातो. शिंगटी मात्र काढताना फडक्यानं धरा, बाजूच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात. माझ्या भावाचा अंगठा आठ दिवस सुजला होता.

दुधनाकाठचा

महिनाभरानं येतोय, माफी असावी.

आधी संस्थेत गेलो. चेअरमननी चहा पाजला. अटी दोनच: जाळ्याच्या दोऱ्या दिसतील तिथनं शंभर पावलं लांब, आणि बोटुकली सोडल्यावर दीड महिना यायचं नाही. कबूल.

सामान परभणीहून आणलं. काडी साडेसात फुटी, १५-४०. रील ४००० ची, ३ बेअरिंगवाली. कापूस नेला होता. तिसऱ्या रिंगला अडकला, काडी बदलून घेतली. दुकानदारानं आता स्वतःच कापूस ठेवलाय गल्ल्याजवळ. सगळं मिळून ४,१५० झाले. जास्तीचे दीडशे गळांत गेले, मुद्दाम.

ज्वारी काढलेल्या रानात दोऱ्याला नट बांधून चार दिवस फेकायचा सराव केला. शेजारी विचारायला लागले, पाणी कुठंय?

पहिल्या दोन चकरा कोरड्या. तिसऱ्याला बेडकावर मरळ आली आणि मी "एक" म्हणायच्या आतच ओढलं. बेडूक माझ्या छातीवर येऊन आदळला. पुढच्या वेळी दिवस मावळल्यावर मेलेली चिलापी तळाला सोडली. पाऊण तासानं रील कर्रर्र करून बोलायला लागली. तो आवाज मी ऐकतच बसलो, काडी उचलायची विसरलो. मग उचलली. एकदा त्यानं बेशरमाच्या दिशेनं धाव घेतली, तेव्हा ड्रॅग आवळायचा मोह झाला होता. नाही आवळला. थांबला, वळला, आला.

शिवडा. ड्रॅग मोजायला आणलेल्या ताणकाट्यावरच मोजला, ४ किलो १००. जाड तंगुसावर नख फिरवलं तर शेवटची वीतभर खरखरीत, ताई म्हणाल्या तशी. गळ मात्र वाकडा तो वाकडाच.

गोदाकाठ

अभिनंदन! घरी गेल्यावर ड्रॅग सैल केलात का? आवळलेला तसाच ठेवला तर फेल्ट दबून बसतं. आणि रील पत्र्याच्या शेडमध्ये टांगू नका, मे महिन्यात आतलं ग्रीस वितळून ड्रॅगवर येतं.

दुधनाकाठचा

केला सैल. रील ओल्या फडक्यानं पुसून घरात, देवळीत ठेवलीय. काळ्या मातीचा कण जाऊ नये म्हणून वरनं पिशवी.

भोईवाडा

काय केलं त्याचं? कालवण की तळून?

दुधनाकाठचा

आईनं कालवण केलं, काळ्या मसाल्यातलं. डोकं संस्थेच्या रखवालदाराला दिलं, त्यानं मागूनच घेतलं.

कापूसकोंड्या

सगळं ठीक. त्या बांबूच्या काडीचं काय झालं?

दुधनाकाठचा

दोन्ही अर्ध्या दोडक्याच्या वेलाला लावल्यात. एकीवर फुलं आलीत.